रत्नागिरी पाहायची तर तिथी बघून

रत्नागिरीला जाणारे बहुतेक जण रत्नागिरी बघतच नाहीत. महामार्गावरून निवळीला गाडी वळवायची, गणपतीपुळ्याला दर्शन घ्यायचं, वाळूत उंटावर बसायचं, मोदकाचं ताट, कोकम सरबताच्या चार बाटल्या आणि संध्याकाळी परत. शहर वाटेत आलंच तर थिबा पॅलेससमोर दहा मिनिटं, फोटोपुरती. आमचं म्हणणं उलटं आहे. मुक्काम शहरात करा, तीन रात्री करा आणि पुळ्याला इथून अर्ध्या दिवसासाठी जाऊन या. शहराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पंचवीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूत जे आहे, ते इथे राहूनच नीट बघता येतं.

दुसरी गोष्ट, यादी हातात घेऊन निघू नका. इथल्या निम्म्याअधिक जागांची मजा पाणी कुठे आहे आणि ऊन कुठून येतंय यावर ठरते. उन्हाचं गणित सगळ्यांना कळतं, पाण्याचं आधी सांगतो.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कालनिर्णयवर तिथी बघायची आणि तिच्या आकड्याची पाऊणपट करायची, झाली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला एवढं पुरतं.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते आणि या दिवसांत पाणी लांबवर मागे जातं, म्हणजे सूर्यास्ताला किनारा ऐसपैस मिळतो. भाट्ये, काळबादेवी, आरे हे लांब किनारे चालायला हेच दिवस चांगले. अष्टमी ते एकादशी संध्याकाळी पाणी भरलेलं असतं, वाळूची पट्टी अरुंद होते. त्या दिवसांत किनाऱ्यावर जायचा हट्ट धरू नये, उंचावरून समुद्र बघावा. थिबा पॉइंट, किल्ला, आरे-वारेची घाटी अशा जागा त्यासाठीच आहेत.

पोचणं आणि राहणं

रेल्वे स्टेशन शहरात नाही. कुवारबावच्या बाजूला, बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. बाहेर रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवून घ्यावं. रात्री उशिराची गाडी असेल तर मुक्कामाच्या जागी आधी फोन करून ठेवलेला बरा. मुंबईहून येताना उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल मात्र रत्नागिरीच्या पुढे, निवसरच्या बाजूला आहे. तो गोव्याकडून येणाऱ्यांना भेटतो, मुंबईहून येणाऱ्यांना नाही. आणि मांडवी एक्स्प्रेसचा रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याशी काही संबंध नाही, ते नाव गोव्यातल्या नदीचं.

गणपती, शिमगा, दिवाळी आणि मे महिना या चार वेळी आरक्षण खुलं होतं त्याच सकाळी संपतं. आता ते ६० दिवस आधी खुलं होतं, तेव्हा तारीख मोजून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवतात. जून ते ऑक्टोबरमधलं तिकीट असेल तर जुन्या वेळेवर विसंबून स्टेशनवर जाऊ नये.

रस्त्याने मुंबईहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, त्यामुळे आठ तास तरी धरून चाला आणि रात्रीचा प्रवास टाळा. वळणरस्त्यांवर दुभाजक कुठे संपतो ते अंधारात दिसत नाही. कोल्हापूरहून आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरलं की वेग निम्म्यावर येतो, तेवढा वेळ हिशेबात घ्या.

शहराचे दोन मजले आहेत म्हटलं तरी चालेल. मारुती मंदिराचा भाग वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर. तिथून रस्ता उतरत जयस्तंभ, एसटी स्टँड, गोखले नाका, राम आळी असा जुन्या गावात आणि शेवटी मांडवीच्या समुद्रावर येतो. गाडी घेऊन आला असाल तर वर राहा, रस्ते रुंद आणि गाडी लावायला जागा. एसटीने आला असाल तर खाली राहा, बाजार आणि मांडवी दोन्ही पायाखाली. जुन्या गावात मोठी गाडी घालू नये. आळ्या अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती) आणि समोरून रिक्षा आली की मागे घेण्यावाचून गत्यंतर नाही.

शहर

थिबा पॅलेस सोमवारी बंद असतो. आत प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे आणि ही सुट्टी ठाऊक नसल्यामुळे शनिवार-रविवार पुळ्यात घालवून सोमवारी शहर बघू म्हणणाऱ्यांची हमखास फसगत होते. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, राजा थिबाला पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. लोकांना वाटतं तो कायम या राजवाड्यात राहिला. प्रत्यक्षात वाडा बांधून झाला १९१० च्या सुमाराला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली शेवटची सहाच वर्षं इथली. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थिबाची समाधी वाड्यात नाही, शिवाजीनगर भागात वेगळी आहे. तिथे क्वचितच कोणी जातं, पण २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. वाडा बघताना वस्तूंपेक्षा इमारत बघा. जांभ्याचा लाल रंग, उतरती छपरं, लाकडी कमानी आणि खिडक्यांवरचं अर्धगोल नक्षीकाम. तासभर पुरतो.

वाड्याजवळच थिबा पॉइंट. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, राजिवड्याची वस्ती, होड्या आणि पलीकडे भाट्याचं सुरूबन, असं सगळं एका नजरेत येतं. राजाला रोज संध्याकाळी हेच दिसत असणार. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. भरतीच्या दिवशी खाडी काठोकाठ असते आणि चित्र जास्त देखणं. ओहोटीला मधले चिखलाचे पट्टे उघडे पडतात.

रत्नदुर्ग, ज्याला गावात नुसतं 'भगवती बंदरचा किल्ला' म्हणतात, तो घोड्याच्या नालासारखा आहे. तीन बाजूंनी समुद्र, घेर सुमारे १२० एकर. गाडी भगवती मंदिराच्या अगदी जवळ जाते म्हणून लोक देवीचं दर्शन घेऊन, दोन फोटो काढून उतरतात. ते मंदिर म्हणजे बालेकिल्ला, नालाचं एक टोक. दुसऱ्या टोकाला सिद्धा बुरुजावर दीपगृह आहे. मधल्या भागात भागेश्वराचं मंदिर, दानशूर उद्योजक भागोजी कीरांनी बांधलेलं. तटावरून चालत गेलात तर एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर आणि दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र असा सगळा नाल लक्षात येतो. चालायला दोन तास धरा. सावली जवळजवळ नाही, जांभ्याचा दगड दहानंतर तापतो. म्हणून सकाळी आठला चढावं. अडचण एवढीच की दीपगृह बघायला दुपारीच सोडतात. दीपगृह चढायचंच असेल तर किल्ला दुपारी चारनंतर ठेवा आणि थिबा पॉइंट दुसऱ्या दिवसावर ढकला. एकाच संध्याकाळी दोन्ही साधायला गेलात तर सूर्य वाटेतल्या रहदारीत मावळतो.

किल्ल्याच्या या डोंगरामुळे शहराचा समुद्र दोन रंगांचा झाला आहे. दक्षिणेला मांडवी, तिची वाळू काळी, कारण तिच्यात इल्मेनाइट हे खनिज आहे. उत्तरेला पांढरा समुद्र, नावाप्रमाणे पांढऱ्या वाळूचा. ओल्या काळ्या वाळूची चिमूट कागदावर घेऊन वाळवा आणि खालून लोहचुंबक फिरवा, मुलं तासभर रमतात. पांढरा समुद्र आणि पुढचा मिऱ्या इथे लाटा किनारा खातात, म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा घातला आहे. २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज याच बाजूला येऊन लागलं होतं. पोहायला ही जागा नाही, बंधाऱ्याच्या ओल्या दगडांवर उतरूही नये. शेवाळ दिसत नाही आणि पाय घसरला तर दोन दगडांच्या मध्येच जातो.

जुन्या गावात पायी फिरायच्या जागा भर दुपारच्या. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान चौपाखी, शेणाने सारवलेल्या घरांच्या काळातलं आहे. कोकणातलं खाऊनपिऊन असलेलं घर दीडशे वर्षांपूर्वी कसं असे, हे बघायला त्याचा उपयोग जास्त. पतितपावन मंदिर १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्या पुढाकाराने आणि पुन्हा भागोजी कीरांच्याच पैशातून ते उभं राहिलं. सर्व जातींना खुलं असलेलं हे लक्ष्मीनारायणाचं देऊळ. त्या काळात केवढी खळबळ झाली असेल ते आजच्या शांत आवारात उभं राहून कळत नाही, इतिहास माहीत असेल तरच कळतं. वाचणाऱ्यांनी जिल्हा नगर वाचनालयात डोकवावं, स्थापना १८२८ ची. आणि मुलं बरोबर असतील तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय चुकवू नका. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहिल्यावर राजवाडा मुलांच्या लक्षातसुद्धा राहत नाही.

मासळी

मिरकरवाडा बंदरावर सकाळी जा, चपला टाकाऊ घाला. लिलाव टोपल्यांचा असतो, तिथे घरगुती गिऱ्हाइकाने मध्ये पडू नये. थोडं बाजूला मासेविक्रेत्या वाटे लावून बसतात, आपला व्यवहार त्यांच्याशी. कल्ले उचलून बघा, आत लाल हवेत, तपकिरी नकोत. डोळा बाहेर आलेला हवा, आत बसलेला नको. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर पुढे चला. बांगडा, तारली, कर्ली स्वस्त आणि ताजी मिळतात. पापलेटमागे धावणारे पैसे देतात आणि बऱ्याचदा बर्फातलं खातात. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आणलेली मासळी करून देतात, पण आदल्या रात्री सांगायला हवं.

खानावळीत यादी बघून मागवू नये, 'आज काय आलंय?' असं विचारावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताटातली सुरमई शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली धरून चाला. त्यापेक्षा खाडीची मासळी, कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) विचारा. पापलेट आणि सुरमईचा भाव आकारावर ठरतो, ताट मागवायच्या आधी दर विचारण्यात लाज कसली.

शाकाहारी मंडळींचे इथे हाल होतात हा गैरसमज आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ, एप्रिलमध्ये कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, बारमाही कुळथाची पिठी, घावणे आणि नारळाचा रस. फक्त ही कोकणी ताटं मोठ्या हॉटेलात नसतात, घरगुती खानावळीत असतात आणि दुपारी दोननंतर संपतात.

उत्तरेला

गणपतीपुळ्याला जायचे दोन रस्ते. निवळीवरूनचा चांगला पण लांब आणि आतला. किनाऱ्याचा रस्ता शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे असा जातो, साधारण २५ किलोमीटर. न थांबता पाऊण-एक तास, पण न थांबणं जमत नाही, तेव्हा दोन तास द्या. जाताना समुद्र डाव्या हाताला. सकाळी ऊन पाठीमागून, डोंगराच्या बाजूने येतं आणि पाण्याचा निळा-हिरवा रंग खुलतो. संध्याकाळी हाच समुद्र चंदेरी आणि डोळ्यांवर येणारा होतो. सूर्यास्तासाठी हा रस्ता प्रसिद्ध असला तरी रंग बघायचा तर सकाळी नऊच्या आत. आरे-वारेच्या घाटीत वरच्या वळणावर गाडी रस्त्यातच लावायची पद्धत पडली आहे, ती पाळू नका. वळण आंधळं आहे, थोडं पुढे जागा मिळते.

इथली नेहमीची फजिती म्हणजे वाळूत रुतलेली गाडी. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट लागते, म्हणून लोक गाडी खाली उतरवतात. पण त्या घट्ट वाळूपर्यंत जाताना भरतीच्या रेषेवरची कोरडी, भुसभुशीत पट्टी ओलांडावी लागते. उतरताना उतारामुळे गाडी निघून जाते, चढताना चाकं तिथेच बसतात. पौर्णिमेला संध्याकाळी पाच वाजता किनारा मोठा दिसला म्हणून उतरलेली गाडी सात वाजता रुतते आणि तेव्हा पाणी वर चढत असतं. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नये, चाक आणखी खोल जातं. चारही टायरांची हवा बरीच कमी करा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी किंवा झावळ्या चाकाखाली घाला आणि हळू सोडा. निघाल्यावर गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवा, नाहीतर खारं पाणी वर्षभरात पत्रा खातं. सगळ्यांत उत्तम, उतरवूच नका. कारवाईही होते.

पुळ्याचा गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, पश्चिमद्वार देवता. मूर्तीमागचा डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही तर अख्ख्या डोंगराला. अंतर साधारण एक किलोमीटर, अर्धा तास, वाट बांधलेली. उन्हाच्या आधी करा, फरशी तापली की अनवाणी चालवत नाही. संकष्टी, अंगारकी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार सोडून कधीही गेलात तर दर्शन वीस मिनिटांत होतं.

पण समुद्र जपून. पुळ्याचा किनारा सपाट नाही, उतरता आहे. कमरेएवढ्या पाण्यातून दोन पावलं पुढे गेलं की पायाखालचं संपतं. लाटा परतताना पाण्याची धार एखाद्या खळग्यातून जोरात मागे जाते. आता वरचा हिशेब आठवा. संकष्टीला दुपारी तीनला भरती. म्हणजे दर्शन आटोपून गर्दी सहाच्या सुमाराला पाण्यात शिरते, तेव्हा ओहोटी अर्ध्यावर असते आणि त्याच तासा-दोन तासांत तिची ओढ सर्वांत जास्त. वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस आणि पाण्याची सर्वांत वाईट वेळ एकत्र येतात ती अशी. घोट्याएवढ्या पाण्यात थांबा. ओढलेच गेलात तर किनाऱ्याकडे थेट पोहत झुंजू नका, किनाऱ्याला समांतर जा, धारेतून बाहेर पडलात की लाटाच आत आणतात. डुंबायचं असेल तर भाट्ये त्यातल्या त्यात बरं, तेही खाडीच्या मुखापासून लांब, झरी विनायकाच्या देवळाच्या बाजूला. मुखाशी नदी आणि ओहोटी दोघी मिळून ओढतात.

पुळ्याच्या पुढे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. तिथलं स्मारक कवितेत रस असणाऱ्यांना अर्धा तास धरून ठेवतं. त्यापुढे जयगड, शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला, तट शाबूत. जवळच नांदिवड्याचा कऱ्हाटेश्वर. देवळामागून खडकात उतरणाऱ्या पायऱ्या, खाली गोमुखातून गोडं पाणी आणि दोन हातांवर समुद्र आदळतोय. पूर्ण भरतीला आणि पावसाळ्यात खाली उतरू नका. गाडीसह गुहागरकडे जायचं असेल तर जयगडहून पलीकडे तवसाळला फेरीबोट आहे. ती चुकली तर शास्त्री नदीला मोठा वळसा पडतो, म्हणून शेवटची फेरी किती वाजता ते जाताना विचारून ठेवा. पलीकडे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, पण तो वेगळा मुक्काम.

दक्षिणेला

भाट्याचा पूल ओलांडला की गर्दी संपते. भाट्यालाच नारळ संशोधन केंद्र आहे. परसात माड लावायचा असेल तर बाणवली, प्रताप अशा जातींची खात्रीची रोपं इथे बघावीत, पावसाच्या तोंडावर मागणी फार असते. पुढे वीस किलोमीटरवर पावस, स्वामी स्वरूपानंदांचा मठ. दुपारच्या प्रसादाच्या वेळेला पोचायचं, शांत बसायचं आणि निघायचं.

पावसपासून जवळच गणेशगुळे. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' ही म्हण इथली. गणपती गेला म्हणून गर्दीही तिकडेच गेली, आणि गुळ्याचा किनारा आपल्याला मोकळा राहिला. त्याहून पुढे मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड. एवढासा किल्ला, वर जायला गावातल्या घरांमधून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. दहा-पंधरा मिनिटांची चढण, दाराशी मारुती. पश्चिमेच्या दारातून बाहेर पडलं की एकदम समुद्र. लोकांच्या अंगणांतून जाताय हे लक्षात ठेवून आवाज बेताचा ठेवा.

दिवस हातात असेल तर कशेळीपर्यंत जा. कनकादित्य हे सूर्याचं देऊळ, कोकणात अशी देवळं मोजकीच. आतलं लाकडी कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं. शिलाहार राजा भोजाचा ११९१ चा ताम्रपट या देवळाशी जोडलेला आहे. रथसप्तमीचा उत्सव मोठा, तेव्हा गाडी लांब लावून चालावं लागतं. जवळच देवघळीचा समुद्र, दोन्ही बाजूंनी काळ्या कड्यांनी आवळलेला. वरून बघण्यात मजा आहे, कड्याच्या टोकाचा जांभा ठिसूळ असतो, चार पावलं मागेच उभं राहावं.

कातळशिल्पं

रत्नागिरीची सर्वांत मोठी ठेव ना शहरात आहे ना किनाऱ्यावर, ती सड्यावर आहे. सपाट जांभ्यात कोरलेली माणसं, हत्ती, मासे, गेंडे आणि कसले ते न कळणारे चौकोन. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं. त्यांत उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी. चवे देऊडला एकशिंगी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठे आहे? म्हणजे कोरणाऱ्याने काय बघितलं होतं, याचा विचार करत लोक तिथे तासन्‌तास उभे राहतात.

बघायला गेलेले निम्मे लोक मात्र 'काहीच दिसलं नाही' म्हणून परततात, कारण भर दुपारी जातात. कोरीव रेषा उथळ आहेत. ऊन डोक्यावर असताना सावली पडत नाही आणि सगळा कातळ सपाट दिसतो. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन आलं की तीच रेष काळी होऊन उठते. पावसाळ्यात खाचांत पाणी साचून चित्र चमकतं, पण कातळ शेवाळी असतो. पाऊस संपल्यावर कडेचं गवत वाढून आकार झाकतो. डिसेंबर ते मार्च उत्तम. वाट विचारताना 'कातळशिल्प' म्हणून नाही समजलं तर 'सड्यावरची चित्रं' म्हणा. रेषांवर पाय देऊ नका, खडूने रंगवू नका, फोटोसाठी पाणी ओतू नका. उक्षीला गावकऱ्यांनी गडगा घालून चित्र राखलं आहे, वरून गोल फिरून बघायची सोय आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, आकार नजरेला बसला की पुढची चित्रं आपोआप दिसतात. बरोबर दोन लिटर पाणी आणि टोपी हवी, सड्यावर दुकान नसतं.

परत निघताना

हापूस एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. पेटीतल्या डझनांवर फळाचा आकार कळतो, चार डझनांची मोठी फळं, सहाची लहान. घरी नेऊन पिकवायचा असेल तर हिरवाच पण तयार आंबा घ्या. तयार फळ पाण्यात बुडतं, कोवळं तरंगतं. बागायतदाराकडे बादली मागायला संकोच नको. घरी पेंढ्याची अढी घालून एकाच थरात ठेवा, आठ-दहा दिवस लागतात, दर दोन दिवसांनी चाचपून पिकलेला वेगळा काढा. एकसारखा पिवळाधमक पण देठाशी वास नसलेला आंबा नको. साका, म्हणजे आतला गर बिघडलेला असणं, मात्र बाहेरून ओळखता येत नाही, तो निघाला तर विक्रेत्याशी भांडून उपयोग नाही. ओळखीच्या माणसाकडून घेतला असेल तर तोच पुढच्या वेळी दोन फळं जास्त टाकतो.

कोकमाच्या बाटल्या घेताना एवढं बघा. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, साखरेशिवायचा. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातला रस. दोन्हींचा रंग एक, बाटलीही बहुधा एकाच मापाची. आगळाचं सरबत करून पाहुण्यांना दिलं की काय होतं ते कोकणी घरात विचारा. सोलकढीला आगळ, वाटीभर नारळाच्या दुधाला दोन चमचे, आणि मीठ चाखूनच.